पंचमीची ओहोटी

डिकी भरून झाली होती. ओल्या टॉवेलांची पिशवी, आगाशीच्या सुकेळीचे दोन पुडे, कितीही झटकल्या तरी वाळू न सोडणाऱ्या चपला आणि भाचीने तीन दिवसांत गोळा केलेले सव्वाशे शिंपले. बहीण आणि भाची सोलापूरहून होळीला आल्या होत्या. मामाचा गाव म्हणजे झाडं, विहीर, समुद्र अशी भाचीची कल्पना. प्रत्यक्षात मामा राहतो सातिवलीत. वसई पूर्वेला, मागे तुंगारेश्वरचा डोंगर, पुढे कारखान्यांचे गाळे आणि दिवसभर रिव्हर्स घेणारे टेम्पो. "मामा, तू तर वसईत राहतोस ना? मग समुद्र कुठाय?" हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी आला. समुद्र रेल्वेलाइनच्या पलीकडे आहे आणि अंबाडी रोडची गर्दी धरली तर सोलापूरहून पुण्याइतकाच लांब वाटतो, हे तिला पटवता येईना. म्हणून भुईगावच्या एका वाडीत तीन दिवसांसाठी दोन खोल्या घेतल्या. त्या सुट्टीची ही शेवटची संध्याकाळ, रंगपंचमीची.

निघायला तासभर अवकाश होता. वाळूवर दीडेकशे पांढरे पक्षी उभे होते, आणि सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे.

"हे मघापासून एकाच दिशेला काय बघतायत?"

बघत काहीच नव्हते. संध्याकाळचा वारा समुद्रावरून येत होता एवढंच. पक्ष्याची पिसं डोक्याकडून शेपटीकडे कौलांसारखी एकावर एक बसवलेली असतात. वारा समोरून आला तर ती दबून बसतात, मागून आला तर विस्कटतात आणि गार हवा अंगात शिरते. शिवाय उडायचं झालं तर समोरच्या वाऱ्यावर पंख नुसते उघडले तरी उचल मिळते. वाळूवर उभे असलेले कुरव म्हणजे फुकटचं वातकुक्कुट. ते कुठे तोंड करून उभे आहेत ते पाहा, वारा तिकडून येतोय.

दुर्बीण एकच होती. ती तिच्या हातात दिली आणि मधल्या एका पक्ष्यावर लावून दिली. पांढरं अंग, पाठीवर राखाडी शाल, लाल पाय, लाल चोच, फिकट डोळा. पण डोक्याचा रंग ठरेना. शेजारचा पक्षी पांढऱ्या डोक्याचा, कानाशी एक काळसर ठिपका. ह्याचं डोकं मात्र अर्धं तपकिरी, अर्धं पांढरं, जणू केस रंगवायला बसलेला माणूस मध्येच फोन घ्यायला उठला. पलीकडच्या एकाचं काम पूर्ण झालं होतं, मानेपर्यंत कॉफीच्या रंगाची टोपी.

हा तपकिरी डोक्याचा कुरव. वसईत आपण त्याला पाहतो तेव्हा बहुतेक काळ त्याचं डोकं पांढरंच असतं, त्यामुळे नाव आणि पक्षी यांचा मेळ बसत नाही. टोपी त्याला फक्त लग्नसराईपुरती लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्यावरची जुनी पिसं गळून नवी गडद पिसं येतात, आणि ती पुरती आली की पक्षी निघतो. (त्याच्याबरोबर काळ्या डोक्याचा म्हणून जो कुरव असतो, त्याचंही डोकं खरं तर तपकिरीच असतं. नावं देणाऱ्यांनी ह्या बाबतीत फार डोकं लावलेलं दिसत नाही.)

निघतो म्हणजे कुठे? ह्याचं उत्तर बहिणीच्या मोबाइलमध्ये होतं. गेल्या वर्षी ती सहलीच्या कंपनीबरोबर लडाखला गेली होती. पँगाँगच्या निळ्या पाण्यासमोर तिघी मैत्रिणी, आणि त्यांच्यामागे पाण्यावर बसलेले चार पक्षी. पांढरं अंग, गडद टोपी. फोटो मोठा करून दाखवला तेव्हा भाची आधी मोबाइलकडे, मग वाळूकडे, मग पुन्हा मोबाइलकडे पाहत राहिली. पँगाँग समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वाचार हजार मीटरवर आहे. तिथे, त्सो मोरीरीला आणि तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी हा कुरव घरटी करतो. हिमालयापलीकडे बाळंतपण आणि कोकणात संसार, असं आयुष्य काढणारा हा पक्षी. बहिणीच्या फोटोतले चार भुईगावच्या ह्या थव्यातलेच असतील असं मी म्हणत नाही. पण जात तीच.

तेवढ्यात त्या अर्धवट टोपीवाल्याने मान झटकली आणि चोचीच्या टोकावरून पाण्याचा थेंब उडाला. "त्याला सर्दी झालीय," भाचीने निदान केलं. मला ह्याच थेंबाची वाट होती.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. ते आपण प्यायलो तर मूत्रपिंडाला एवढं मीठ बाहेर काढायला प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी लागतं. म्हणून भर समुद्रात माणूस तहानेने मरतो. कुरवाची मूत्रपिंडंही ह्या कामात काही फार हुशार नाहीत. मग तो खारं पाणी पचवतो कसं? दोन्ही डोळ्यांच्या वर, कवटीतल्या खाचांत त्याच्याकडे एकेक ग्रंथी असते. रक्त तिथून वाहतं, ग्रंथी त्यातलं मीठ उपसून घेते आणि समुद्राहूनही खारट असा द्रव नाकपुड्यांतून बाहेर सोडते. तो चोचीवरून ओघळत टोकाशी येतो, पक्षी मान झटकतो. 1950 च्या दशकाच्या अखेरीस कनूट श्मिट-नील्सन ह्या शास्त्रज्ञाने हे उलगडलं. त्याने एका मोठ्या कुरवाला त्याच्या वजनाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतकं समुद्राचं पाणी पाजलं, आणि साधारण तीन तासांत पक्ष्याने त्यातलं बहुतेक सगळं मीठ बाहेर टाकलं. आपल्या हिशेबात हे म्हणजे साठ किलोच्या माणसाने सहा लिटर समुद्र पिऊन संध्याकाळी कामाला लागण्यासारखं.

वसईच्या माणसाला ह्याचं जास्तच अप्रूप वाटायला हवं. नायगाव-वसईच्या मध्ये गाडीच्या खिडकीतून अजून मिठागरं दिसतात. भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवायचं, उन्हात आटवायचं, मग मीठ ओढायचं. ऊन, वारा, एकरभर जमीन आणि माणसांची पाठ मोडेल इतकी मेहनत. कुरव तेच काम कपाळातल्या दोन शेंगदाण्याएवढ्या जागेत करतो. त्याला मीठ टाकून पाणी ठेवायचं असतं आणि आगरी माणसाला पाणी घालवून मीठ, एवढाच फरक.

आता ओहोटीकडे वळू, कारण किनाऱ्यावरचं सगळं वेळापत्रक तिच्या हातात असतं. आम्ही पाचच्या सुमाराला वाळूवर आलो ते उगाच नाही. कोळीवाड्यात आणि कोकणात सगळीकडे चालणारा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी म्हणजे पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला पाणी भरलं, त्यानंतर उतरणीला लागलं. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज पाऊण तास पुढे. छापील तक्त्याशी थोडाफार फरक पडतो, पण मोबाइलची रेंज गेली तरी हा हिशेब जात नाही. होळी पौर्णिमेला उधाण होतं, आता पाणी भांगाकडे, म्हणजे लहान भरती-ओहोटीकडे, चाललं होतं, त्यामुळे ओहोटी फार लांब जाणार नव्हती. तरी भुईगावचा किनारा इतका सपाट की पाणी थोडं उतरलं तरी वाळूचं मैदान उघडं पडतं.

ह्या मैदानाला आपण वाळू म्हणतो. पक्ष्यांच्या दृष्टीने ते ताट आहे. दक्षिणेला उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, उत्तरेला अर्नाळ्याजवळ वैतरणा. दोन्ही नद्या गाळ आणतात. गाळात किडे, कृमी, शिंपल्यांची पिल्लं, भाताच्या दाण्याएवढे कोळंबीचे भाऊबंद वाढतात. सहा तास ताट झाकलेलं, सहा तास उघडं. रात्री दोनला उघडलं तर पक्षी रात्री दोनला जेवतात. त्यांना घड्याळ नाही, त्यांच्याकडे पंचांग आहे.

आणि रात्री दिसतं कसं, हा प्रश्न पडला असेल तर ती ह्या लेखातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. तुतवार आणि त्याच्या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी, हाडाच्या बारीक खड्ड्यांत, दाब ओळखणाऱ्या शेकडो सूक्ष्म गाठी असतात. बाहेरून ती चोच नुसतं टोकदार हाड वाटते, प्रत्यक्षात ती बोटाच्या पेरासारखी जागी असते. हॉलंडमध्ये टोइनिस पिअर्स्मा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात ह्याच कुळातल्या नॉट नावाच्या पक्ष्यावर प्रयोग केले. बादलीत वाळू भरायची, खोल कुठेतरी शिंपला पुरायचा, पक्ष्याला शोधायला लावायचं. चोच शिंपल्याला लागलीच नाही तरी पक्ष्याला कळायचं की खाली काहीतरी आहे. शिंपल्याला वास येतो म्हणावं, तर त्याच्या जागी साधा खडा पुरला तरी कळायचं. मात्र वाळू कोरडी केली की काही कळेना! म्हणजे ओल्या वाळूत चोच खुपसली की कणांमधलं पाणी दाबलं जातं, मध्ये टणक वस्तू असली की तो दाब वेगळा पसरतो, आणि चोचीला ते जाणवतं. एखाद्या भिंतीमागे पाइप आहे का हे प्लंबर टिचकी मारून ओळखतो, त्याच्या जवळपास जाणारं हे.

पाण्याच्या कडेला सँडरलिंग धावत होते. चिमणीहून थोडे मोठे, वाळूच्या रंगाचे, काळ्या पायांचे. लाट मागे सरकली की तिच्या मागे, लाट आली की तिच्या पुढे, पायांची इतकी घाई की पाय दिसतच नाहीत, नुसती काळी थरथर. भाची हसायलाच लागली. लाट परतताना वाळू क्षणभर सैल होते आणि आतले जीव वर उघडे पडतात, तेवढ्या दोन-तीन सेकंदांत त्यांना घास घ्यायचा असतो. ओल्या वाळूवर त्यांच्या पायांचे ठसे पाहिले तर प्रत्येकात तीनच बोटं, सगळी पुढे. तुतवारांच्या कुळात मागचं छोटं बोट बहुतेकांना असतं, ह्याला नाही. सारखं पळणाऱ्या पायाला ते नकोच झालं असावं.

त्यांच्या मागे, जरा कोरड्या भागात, चिखले होते. ह्यांची जेवायची रीत अगदी वेगळी. चार पावलं धावायचं, गप्पकन थांबायचं, पुतळा व्हायचं, मग वाकून एक टोचा. चोच आखूड, डोळे मोठे, सगळा भरवसा नजरेवर. कृमीच्या बिळाशी वाळू जरा हलली की झडप. त्यातल्या एकाच्या छातीवर विटकरी पट्टा उमटायला लागला होता आणि डोळ्यांभोवती काळी पट्टी. हा वाळूतला छोटा चिखल्या. वजन साठ-सत्तर ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढं. ह्याचीही वीण हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर. अलीकडे शास्त्रज्ञांनी ह्या जातीचे दोन भाग केले, सैबेरियाकडचा वेगळा आणि तिबेटकडचा वेगळा. पश्चिम किनाऱ्यावर येणारे बहुतेक तिबेटकडचे.

वर्तमानपत्रं ह्यांना 'परदेशी पाहुणे' म्हणतात. दर नोव्हेंबरात ही बातमी येते, सोबत फ्लेमिंगोचा फोटो. मला हा शब्द आता खटकतो. हिशेब करून पाहा. हा चिखल्या एप्रिलमध्ये कधीतरी जातो, घरटं करतो, पिल्लं वाढवतो आणि पावसाळ्याच्या मध्यावर परत येतो. बारातले आठ महिने, कधी त्याहून जास्त, तो इथे राहतो. आठ महिने राहतो त्याला आपल्याकडे पाहुणा म्हणत नाहीत, सोसायटीत त्याच्या नावाने मेंटेनन्सचं बिल येतं. हे पक्षी जातात ते बाळंतपणाला, आणि जिथे आपण जन्मलो त्याच भागात. ह्याला मराठीत फार जुना शब्द आहे, माहेर. वसई हे त्यांचं घर, तिबेट हे माहेर.

माहेरपणाचा कारभार मात्र आपल्यासारखा नाही. चिखल्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेच डोळे उघडे, अंगावर लव, आणि काही तासांत आपल्या पायांवर. भरवणं नाही. आईबाप राखण करतात, अंग देऊन ऊब देतात, पण पहिल्या दिवसापासून पिल्लाने स्वतः टिपून खायचं. सैबेरियाच्या उत्तर टोकाला वीण करणारा बाकदार चोचीचा एक तुतवार आहे. आपल्या किनाऱ्यावर तो हिवाळाभर दिसतो. त्याच्यात मादीची अंडी घालून झाली की नर निघतोच, माद्या पिल्लं थोडी मोठी झाली की निघतात, आणि पिल्लं सगळ्यात शेवटी, एकटी. आईबाप नाहीत, नकाशा नाही, वाट दाखवणारं कुणी नाही. तरी ती हजारो किलोमीटर उडून समुद्रकिनारा गाठतात.

कसं? ह्याचा एक धागा एका जुन्या प्रयोगात आहे. 1950 च्या दशकात पेरडेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने स्थलांतर करणाऱ्या स्टार्लिंग पक्ष्यांना, आपल्या भोरड्यांच्या चुलतभावंडांना, हेगजवळ पकडलं. थोडेथोडके नाहीत, 11 हजारांहून जास्त. त्यांना विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडलं. जे पक्षी आधी एकदा प्रवास करून आले होते, त्यांनी दिशा सुधारली आणि नेहमीच्या ठिकाणाकडे वळले. पहिल्याच प्रवासाला निघालेली पिल्लं हेगहून ज्या दिशेने उडाली असती त्याच दिशेने, तेवढंच अंतर उडाली आणि फ्रान्स-स्पेनमध्ये जाऊन पोचली. म्हणजे पिल्लाला ठिकाण माहीत नसतं. त्याला 'ह्या दिशेने, इतके दिवस' एवढंच रक्तातून आलेलं असतं. पत्ता नाही, फक्त 'सरळ जा'. एकदा पोचलं की मग जागा त्याची होते, पुढच्या वर्षी चुकत नाही. दिशा राखायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व अशी तीन साधनं पक्षी वापरतात. चुंबकत्व नेमकं कुठल्या अवयवाने कळतं, डोळ्यातल्या एका प्रथिनाने की आणखी कशाने, ह्यावर अजून वाद चालू आहेत.

आणि प्रवास किती, तर ऑक्टोबर 2022 मध्ये पट्टेरी शेपटीच्या गॉडविट जातीचं एक पाचेक महिन्यांचं पिल्लू अलास्काहून उडालं ते थेट टास्मानियात उतरलं. 13 हजार 560 किलोमीटर, 11 दिवस, मध्ये एकदाही न थांबता. पाठीवरच्या यंत्राने त्याची सगळी वाट नोंदवली. ह्या जातीचे पक्षी आपल्याही किनाऱ्यावर येतात, सैबेरियाकडून. अशा उड्डाणाआधी ते चरबी साठवून जवळजवळ दुप्पट जड होतात, आणि निघायच्या आधी पोट, आतडी, यकृत आक्रसून घेतात. वाटेत जेवायचंच नाही तर स्वयंपाकघराचं ओझं कशाला न्या? माझी बहीण तीन दिवसांसाठी चार बॅगा घेऊन आली होती, तिला हे ऐकवलं. तिने सुकेळीचा पुडा माझ्याकडून काढून घेतला.

थट्टा सोडा, पण मार्चअखेरीस वाळूवर जे चाललेलं दिसतं ते इकडेतिकडे बागडणं नसतं. तो शिधा भरणं असतो. प्रत्येक घास मोजलेला. आम्ही पाहत असतानाच एक जीप ओल्या वाळूवरून भरधाव गेली, मागे दोन कुत्री. सगळा थवा उठला, समुद्रावर दोन चकरा मारून पुन्हा टेकला. बघायला सुंदर दिसलं, व्हिडिओही झाले. पंधरा मिनिटांनी दुसरी जीप. उडायला लागणारं इंधन त्याच चरबीतून जातं, आणि ओहोटीचे तास काही वाढवून मिळत नाहीत. तसंच गाठ्या-शेवेचं. होड्यांच्या मागे येणाऱ्या कुरवांना पुडे फोडून घालणं हल्ली पुण्यकर्म झालंय. ज्याच्यासमोर बोय आणि निवट्यांनी भरलेली खाडी आहे, त्याला तळलेलं बेसन कशाला?

एक काम मात्र जरूर करा. पक्ष्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर फोटो काढा. 1883 साली स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, जिथे सालिम अली यांनी आयुष्यभर काम केलं, ती पक्ष्यांना अशी कडी घालते. कड्यावर इंग्रजीत मजकूर असतो, 'इन्फॉर्म बॉम्बे', म्हणजे मुंबईला कळवा. पक्षी कुठल्याही देशात सापडो, निरोप मुंबईला यायचा.

साडेसहाला सूर्य सुरूच्या झाडांपलीकडून पाण्यावर उतरला आणि आम्ही उठलो. भाचीने दुर्बीण परत देताना विचारलं, "पुढच्या महिन्यात आलो तर असतील?" एप्रिलच्या शेवटी बहुतेक गेलेले असतील. काही मागे राहतील, विशेषतः गेल्या वर्षीची पिल्लं. पहिल्या उन्हाळ्यात त्यातली बरीच माहेरी जात नाहीत, कारण घरटं करायचं वय झालेलं नसतं. मग मेच्या उन्हात, जून-जुलैच्या पावसात ती इथेच ओहोटीवर फिरत राहतात.

बाकीचे कधी येतात ते पाहायचं तर नोव्हेंबरच्या बातमीची वाट बघू नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायला किनाऱ्यावर याल. त्या दिवशी सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या आसपास पाणी पुरतं उतरलेलं असेल. ओल्या वाळूच्या कडेला नजर टाका. छातीवर अजून विटकरी रंग असलेले चिखले परत आलेले असतात.